बाप्पाच्या ट्रॉलीचा पुढचा ॲक्सल

अनंत चतुर्दशीला लालबाग, परळ, चिंचपोकळी आणि गिरगावच्या रस्त्यांवरून जी मोठी वाहने इंचाइंचाने पुढे सरकतात, त्यांतली कितीतरी कुठल्याच कंपनीने बनवलेली नसतात. गल्लीतला वेल्डर, मंडळातला एखादा फिटर आणि चार हौशी कार्यकर्ते मिळून ती उभी करतात. लोखंडी चॅनलची चौकट, तिच्यावर फळ्या किंवा जाड पत्रा आणि चौकटीखाली भंगारातून आणलेले ट्रकचे ॲक्सल. अशा ट्रॉलीवर बसून अठरा-वीस फुटांचा बाप्पा परळच्या कारखान्यातून मंडपात येतो आणि मुक्काम संपला की तिच्यावरूनच चौपाटीला जातो.

मूर्ती कोणाच्या हातची, हे लालबागमधले शाळकरी पोरही सांगते. विजय खातूंची घडण कुठली आणि कांबळींची कुठली, हे नुसत्या डोळ्यांच्या आखणीवरून ओळखणारी माणसे या भागात आहेत. सजावट कोणाची, बेंजो कुठला, ढोलपथक कुठले, सगळे तोंडपाठ. पण ट्रॉलीचा पुढचा ॲक्सल कुठल्या गाडीचा आणि ती गाडी भंगारात का गेली, असे विचारले की उत्तर येते, ‘ट्रकचा आहे, हेवी आहे.’ एवढ्यावर माझे समाधान होत नाही. मूर्तीचा निम्मा भार ज्या तुळईवर आहे आणि जिच्यापासून दोन हातांवर शेकडो माणसे चालत असतात, ती किलोच्या भावाने घेऊन चालणार नाही.

आधी भाराचा हिशेब. मूर्तीचे वजन, आतला लाकडी-लोखंडी सांगाडा, प्रभावळ, जनरेटर, दिवे, आणि वर चढलेले कार्यकर्ते. हे शेवटचे वजन कोणी धरतच नाही. माणशी सत्तर किलो धरले तर पंचवीस कार्यकर्त्यांचे पावणेदोन टन होतात. चिंचपोकळी आणि करी रोडच्या रेल्वेपुलांबद्दल महापालिका दरवर्षी सूचना काढते: सोळा टनांच्या वर भार नको, पुलावर रेंगाळू नका, नाचू नका. पुलाची चिंता अशी जाहीरपणे केली जाते आणि ती योग्यच आहे. त्या पुलावर चढणाऱ्या ट्रॉलीच्या ॲक्सलची चिंता मात्र मंडळालाच करावी लागते.

कागदावर पाहिले तर ट्रकचा पुढचा ॲक्सल या कामाला पुरून उरतो. दोन टायरच्या पुढच्या ॲक्सलवर कायद्याने सहा टन भार चालत असे. २०१८ मध्ये ही मर्यादा सात टन झाली. मग अडचण कुठे येते? ट्रक चालत्या चाकांवर वळतो. ट्रॉली बहुतेक वेळा उभ्या जागी वळवली जाते. पूर्ण भार अंगावर असताना, टायर डांबराला चिकटलेला असताना, वीस-तीस माणसे दांडा ओढून चाके फिरवतात. किंगपिन, स्टीअरिंग आर्म, टाय रॉड या चाके वळवणाऱ्या भागांना ट्रकच्या उभ्या आयुष्यात क्वचित सोसावा लागेल असा पीळ इथे प्रत्येक वळणावर बसतो. तोही वीस वर्षे रस्ता तुडवून निवृत्त झालेल्या लोखंडाला.

ट्रॉली वळवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक टर्नटेबलची. पुढचा अख्खा ॲक्सल मधल्या एका जाड पिनेभोवती गोल फिरतो, जुन्या बग्गीसारखा. बनवायला सोपी, काटकोनात वळते, अरुंद गल्लीत कामाला येते. पण पुढचा ॲक्सल पूर्ण फिरला की चाके चौकटीच्या खाली मध्यावर येतात. चार कोपऱ्यांवर उभी असलेली ट्रॉली त्या क्षणी तीन पायांवर आल्यासारखी होते. वर वीस फूट उंचीची मूर्ती असेल आणि रस्ता एका बाजूला कलता असेल, तर ती बाजू कोणती हे आधी पाहावे लागते.

दुसरी तऱ्हा मोटारीची. ॲक्सल जागचा हलत नाही; त्याच्या दोन टोकांना उभ्या किंगपिनवर बसवलेले स्टब, म्हणजे चाकांचे आखूड दांडे, तेवढे फिरतात आणि चाके आपापल्या जागी वळतात. पाया रुंद तो रुंदच राहतो. ही युक्ती मोटारीपेक्षा जुनी आहे. म्युनिचचे बग्गी बनवणारे गेओर्ग लांकेनस्पर्गर यांनी ती काढली आणि १८१८ साली लंडनमध्ये रुडॉल्फ आकरमान यांनी तिचे पेटंट घेतले. घोडागाड्या वळणावर उलटू नयेत हा तिचा एक मोठा फायदा. म्हणजे उंच आणि डोईजड वाहनाचा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी जसा सुटला, तसाच तो लालबागमध्येही सुटतो. माझे मत स्पष्ट आहे. मूर्ती उंच असेल तर टर्नटेबल नको, स्टब असलेला ट्रकचाच पुढचा ॲक्सल हवा. वळण मोठे लागेल, माधवबाग किंवा सी. पी. टँकच्या कोपऱ्यावर दोनदा मागेपुढे करावे लागेल, वेळ जाईल. जाऊ द्यावा. फारच अडत असेल तर एकाच मॉडेलचे दोन पुढचे ॲक्सल घेऊन मागची चाकेही वळती करता येतात. मागचा ॲक्सल सरळ रस्त्यावर पिन घालून जखडायचा, एवढेच लक्षात ठेवायचे.

जगात दुसरीकडे याच तुकड्यासाठी लोक भंगार बाजार पालथे घालत आले आहेत. १९३०-४० च्या दशकांत दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरे जुन्या फोर्ड गाड्या घेऊन, अनावश्यक पत्रा काढून टाकून, कोरड्या तळ्यांच्या सपाट मैदानांवर शर्यती लावत. या गाड्यांना हॉट रॉड म्हणत. १९४८ च्या मॉडेलपर्यंत फोर्डच्या मोटारींना पुढे अखंड तुळईचा ॲक्सल आणि त्यावर स्प्रिंगचा एकच आडवा पाटा असे. गाडी जमिनीलगत बसावी म्हणून ॲक्सलची टोके तापवून, ताणून, मधला भाग आणखी खाली आणत. आपल्याकडेही घरी गाडी बनवण्याची हौस कमी नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांतून छोटी जीप बनवली, २०२१ च्या डिसेंबरमध्ये तिची बातमी आनंद महिंद्रांपर्यंत पोचली आणि तिच्या बदल्यात लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली.

कॅलिफोर्नियातल्या पोरांना आणि लालबागच्या कार्यकर्त्यांना हवे असते ते एकच: वाहन खाली बसले पाहिजे. तिथे वेगासाठी, इथे वरच्या तारांसाठी. ट्रॉलीचा पाट सहा इंच खाली आला तर मूर्तीचा मुकुट सहा इंच खाली येतो. पण त्यासाठी ॲक्सलला गॅसची ज्योत लावण्याचा मोह कोणी करू नये. घडीव ॲक्सलला कारखान्यात ठराविक तापमानाला तापवून आणि थंड करून बळकटी दिलेली असते. गल्लीतल्या गॅस-कटरने तो लाल केला की ती बळकटी गेली, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पाट खाली आणायचा तर चौकट दोन ॲक्सलच्या मध्ये खाली उतरवावी किंवा पाटे ॲक्सलच्या वरून न घेता खालून बांधावेत. ॲक्सलला कापू नये, जोडू नये, तापवू नये.

आता बाजार. मुंबईत जुना ॲक्सल शोधायचा तर पाय वळतात ते डंकन रोड, दोन टाकी आणि चोर बाजाराच्या गल्ल्यांकडे, नाहीतर कुर्ल्याला. नव्या किटसाठी, म्हणजे किंगपिन, बुश, बेअरिंग यांच्यासाठी, ऑपेरा हाउस आणि केनेडी ब्रिजच्या बाजूची सुट्या भागांची दुकाने. लालबागहून भायखळा, नागपाडा, डंकन रोड, दोन टाकी, सी. पी. टँक, ऑपेरा हाउस असा चौपाटीचा मिरवणुकीचा रस्ता याच बाजारातून जातो. काही ॲक्सल दरवर्षी आपल्या जुन्या दुकानावरून मिरवत जात असतील.

अशाच एका गल्लीत, गिरणीतून निवृत्त झालेल्या एका फिटर काकांना ॲक्सल निवडताना पाहिले. बरोबर मंडळाचे दोन तरुण. दुकानदाराने पुढे केलेल्या ॲक्सलला ताजा काळा रंग होता.

‘काका, एकदम कडक आहे बघा,’ त्यातला एक म्हणाला.

‘रंग कडक आहे. लोखंड अजून कुठे बघितलंय आपण?’ काकांनी पिशवीतून तारेचा ब्रश काढला. ‘चाचा, गाडी कौनसी थी? ठोकी हुई थी क्या?’

‘नहीं चाचा, पुरानी होके कटी है.’

‘घास रे,’ काका पोराला म्हणाले.

पुढचा बराच वेळ ब्रशचाच आवाज येत होता. काकांनी आधी पाहिले ते पाट्याचे बैठक-पाट, म्हणजे जिथे यू बोल्टने पाटे आवळलेले असतात ती सपाट जागा. तिथल्या भोकांच्या कडा अंडाकृती झाल्या असतील तर गाडी बराच काळ सैल बोल्टांवर चालली आहे. मग किंगपिनचे भोक. मग सगळ्या अंगावर वेल्डिंगचा मणी कुठे आहे का. एका टोकाजवळ त्यांनी अंगठा फिरवला आणि तिथेच थांबले. रंगाखाली वेल्डिंग घासून सपाट केले होते. डोळ्यांना दिसत नव्हते, बोटाला लागले.

‘हा ठेव बाजूला.’

‘काका, छोटंसंच आहे.’

‘छोटं आहे म्हणून तर कोणी लपवलं. दुसरा काढा.’

दुसरा ॲक्सल साखळीला टांगून त्यांनी हातोडीने हलकेच टोला दिला. अखंड घडीव लोखंड टांगले आणि ठोकले तर घंटेसारखे लांबवर घुमते. तडा असला तर आवाज भद्द येऊन तिथेच विरतो. सैल बुश, चिखल, लटकलेला स्टब यांनीही आवाज दबतो, म्हणून ही परीक्षा एकटी पुरेशी नाही. मग दोरी. दोन्ही टोकांच्या किंगपिनच्या भोकांमधून सुतळी ताणून धरायची आणि दोन्ही बैठक-पाटांच्या मधल्या भोकांपासून ती किती अंतरावर आहे हे मोजायचे. डावीकडचे आणि उजवीकडचे माप जुळले पाहिजे. नंतर दोन्ही पाटांवर सरळ पट्ट्या उभ्या ठेवून एका बाजूने डोळा लावायचा: पट्ट्या समांतर नसल्या तर ॲक्सलला पीळ बसला आहे. खड्ड्यात किंवा दुभाजकावर जोरात आपटलेला ट्रक हा पीळ घेऊनच भंगारात येतो. सरळ करून मिळेल म्हणणाऱ्याकडून असा ॲक्सल घेऊ नये.

तडा शोधण्याची घरगुती रीत जुन्या कामगारांना माहीत असते. भाग स्वच्छ करून रॉकेल लावायचे, मुरू द्यायचे, कोरड्या फडक्याने पुसून वर खडूची पूड किंवा चुन्याचा पातळ हात द्यायचा. तडा असला तर आत शिरलेले रॉकेल थोड्या वेळाने बाहेर झिरपते आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. आता याच तत्त्वावर लाल रंगाचे आणि पांढऱ्या पुडीचे फवारे मिळतात, डाय पेनिट्रंट म्हणतात त्यांना. ही तपासणी सगळ्या ॲक्सलवर केली नाही तरी एका जागी केलीच पाहिजे: स्टबचा दांडा त्याच्या जाड पाठीला मिळतो त्या गोलाईवर. आतले बेअरिंग बसते त्याच्या अगदी मागे. तडा पहिल्यांदा तिथे पडतो आणि दांडा तुटला तर चाक हबसकट बाहेर येते. स्टबवर निळी झाक दिसली तर बेअरिंग कधीतरी जळाले आहे. असा स्टब फुकट मिळाला तरी नको.

हे लोखंड असे का तुटते, याचे उत्तर लोकांना फार महागात मिळाले. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा ॲक्सल मोडला, डब्यांना आग लागली आणि पन्नासहून अधिक प्रवासी गेले. त्यानंतर ॲक्सल का मोडतात याचा अभ्यास नेटाने सुरू झाला. जर्मनीत आउगुस्ट व्योलर यांनी वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवले की, एका झटक्यात न तुटणारे लोखंड कमी भाराच्या लाखो हेलकाव्यांनी तुटते. ते थकते. बारीक तडा वाढत जातो आणि शेवटच्या क्षणापर्यंत ॲक्सल मजबूत दिसतो.

ज्या परळच्या वर्कशॉपच्या परिसरातून एवढ्या मूर्तींचे आगमन निघते, ते वर्कशॉप जीआयपी रेल्वेने १८७९ मध्ये उभारलेले. रेल्वेच्या ॲक्सलच्या टोकावर त्याचा नंबर ठोकलेला असतो, आणि अल्ट्रासोनिक यंत्राने त्याच्या पोटातला तडा शोधतात. कुठला ॲक्सल कधी बनला, कधी तपासला, याची नोंद असते. भिंतीपलीकडे ही शिस्त आणि अलीकडे आपण ‘हेवी आहे’ एवढ्यावर थांबतो, याचे मला वाईट वाटते. या भागात चांगल्या कारागिरांची कधीच वाण नव्हती. गिरण्यांच्या दुरुस्ती खात्यांत घडलेले फिटर, टर्नर इथे घरोघर होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पण ती माणसे चाळींतच होती. आता त्यांतले बरेच ऐंशीच्या घरात आहेत, आणि बोटाने वेल्डिंग ओळखणारा माणूस प्रत्येक मंडळाला मिळेलच असे नाही.

कुठल्या गाडीचा ॲक्सल घ्यावा? मध्यम मूर्तीच्या ट्रॉलीला टाटा ४०७ च्या वर्गातला, मोठ्या मूर्तीला सोळा टनी ट्रकचा. ४०७ ही गाडी १९८६ पासून रस्त्यावर आहे, तिचे बुश-बेअरिंग कुठेही मिळतात, आणि जुन्या गाड्यांचे ब्रेक हायड्रॉलिक असल्याने एक मास्टर सिलिंडर आणि पेडल जोडून ते चालू ठेवता येतात. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. ट्रॉलीवर कॉम्प्रेसर नसला की ते नुसते शोभेला. मग पुलाच्या उतारावर चार माणसे लाकडी ठोकळे घेऊन चाकांबरोबर चालत राहतात, आणि त्यांची बोटे, त्यांचे पाय चाकापासून वीतभर अंतरावर असतात. ब्रेक नसलेली ट्रॉली पुलावर चढवू नये.

आणखी एक. ॲक्सल नेहमी पूर्ण संचाने घ्यावा: तुळई, दोन्ही स्टब, हब, ड्रम, आर्म, टाय रॉड, सगळे एकाच गाडीचे. एका गाडीचा स्टब दुसरीच्या तुळईत ठोकून बसवला की किंगपिनचा कल चुकतो, टाय रॉडची लांबी चुकते, आणि दोन चाके दोन दिशांना बघू लागतात. नवे किंगपिन आणि बुश टाकून रीमर मारून घ्यायला फार खर्च येत नाही. घडाईचा नंबर ओळखू येईल असा ॲक्सल मिळाला तर उत्तम. पुण्याच्या मुंढव्यात भारत फोर्जच्या कारखान्यात असे ॲक्सल घडतात आणि जगभर जातात, तेव्हा चांगल्या मालासाठी आपल्याला लांब जायचे कारण नाही.

ट्रॉली बांधताना सर्वांत जास्त चुकते ती दोराची जागा. ओढायचा दोर थेट टाय रॉडला किंवा स्टीअरिंगच्या दांड्याला बांधलेला दिसतो. ते भाग चाके वळवण्यासाठी आहेत, दहा टन ओढण्यासाठी नव्हेत. शंभर जणांनी एकदम ‘मोरया’ म्हणून हिसका दिला की तो सगळा जोर बोटाएवढ्या जाडीच्या बॉल जॉइंटवर जातो. ओढायचे दोर चौकटीला, वळवायचा दांडा वेगळा, आणि दांड्यावर फक्त तीच माणसे ज्यांना आवाज ओळखून थांबता येते.

मग समुद्र. चौपाटीवर चाके रुतू नयेत म्हणून पालिका वाळूवर लोखंडी प्लेटी टाकते, तरी ट्रॉली पाण्याजवळ गेली की खारे पाणी हबमध्ये शिरतेच. विसर्जन झाले, सगळे थकून घरी गेले, ट्रॉली एखाद्या भिंतीकडेला किंवा मैदानाच्या कडेला लावली, वर ताडपत्री टाकली. पुढच्या आगमनापर्यंत मीठ ग्रीसमध्ये बसून राहते. ज्या गोलाईवर तडा पडायचा धोका, तिथेच गंजाचे बारीक खळगे पडतात, आणि खळग्यातून तडा सुरू होतो. ट्रक रोज चालतो म्हणून त्याचे दुखणे ड्रायव्हरच्या हाताला कळते. ट्रॉली वर्षातून दोनदा चालते आणि त्या दोन्ही वेळी तिच्या आजूबाजूला हजारो माणसे असतात.

विसर्जन होऊन गेले की ट्रॉली रिकामी उभी असते. मंडळाच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. एका रविवारी तिला जॅक लावा, खाली घोड्या ठेवा, पुढची दोन्ही चाके उतरवा. चाक उतरवण्याआधी ते वर-खाली हलवून बघा. ब्रेक दाबून धरल्यावरही प्ले राहिला तर किंगपिन गेला आहे, प्ले थांबला तर बेअरिंग. हब गोड्या पाण्याने धुऊन, कोरडे करून नवे ग्रीस भरा. स्टबच्या गोलाईवर फवारा मारून तडा तपासा. आणि एक वही घाला: ॲक्सल कुठल्या गाडीचा, कधी घेतला, कोणी तपासला, काय बदलले. मंडळाच्या हिशेबाच्या वहीशेजारी ती ठेवा आणि पुढच्या वर्षी आगमनाच्या आठ दिवस आधी उघडा.